सहा हजार पटींचे शेवाळ आणि चेहऱ्याची त्वचा

विशेष प्रतिनिधी

ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहण्यासाठी शिवडी, ऐरोलीच्या किनाऱ्यावर मुंबईकरांची गर्दी होते. या पक्ष्यांचा गुलाबी रंग मुळात त्यांचा स्वतःचा नसतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. रोहिताचे पिल्लू जन्मतः करड्या-पांढुरक्या रंगाचे असते. गाळातले सूक्ष्म शेवाळ आणि त्या शेवाळावर जगणारे चिमुकले जीव पोटात गेले, की त्यांतील नारिंगी-तांबडी रंगद्रव्ये हळूहळू पिसांत उतरतात. कोळंबी शिजताच लाल होते, त्यामागेही याच कुळातील एक द्रव्य आहे. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेले असल्याने निळसर-करडे दिसते; उष्णतेने प्रथिन उलगडले की त्याचा खरा रंग बाहेर पडतो. या द्रव्याचे नाव ॲस्टाझॅन्थिन.

गेल्या काही वर्षांत हेच ॲस्टाझॅन्थिन सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातील फळ्यांवर येऊन बसले आहे. त्याच्या जोडीला तपकिरी समुद्रशैवालातील फ्युकोझॅन्थिन आणि फ्लोरोटॅनिन, स्पिरुलिनातील निळे फायकोसायनिन, मिठागरांत वाढणाऱ्या ड्युनालिएला सॅलिना या शेवाळातील बीटा-कॅरोटिन अशी बरीच मंडळी आहेत. क्रीम, सीरम, चेहऱ्यावर लावायचे लेप, झालेच तर ‘आतून सौंदर्य’ देणाऱ्या गोळ्या, अशा नाना रूपांत ती विकली जातात. या सर्वांच्या वेष्टनावर एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. ॲस्टाझॅन्थिनच्या बाबतीत तर ‘क जीवनसत्त्वाच्या सहा हजार पट’ अशी शेखीही मिरवली जाते. हा आकडा खोटा नाही. मात्र तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न ग्राहकाच्या मनातला नव्हे.

उन्हातील अतिनील किरण त्वचेत शिरले, की तेथे ऑक्सिजनची काही उपद्रवी रूपे तयार होतात. ती पेशींतील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि जनुकीय द्रव्य यांवर हल्ला करतात. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन तुटते, डाग पडतात, सुरकुत्या लवकर येतात. या रूपांना निष्प्रभ करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. शेवाळाला अशा पदार्थांची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे. उथळ पाण्यात, भर उन्हात त्याला जगावे लागते आणि सावलीला पळून जाण्याची सोय त्याला नसते. हिमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस हे गोड्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ एरवी हिरवे असते. पाण्यातील पोषणद्रव्ये संपली, ऊन वाढले, डबके आटू लागले, की ते जाड कवच धारण करते आणि आत ॲस्टाझॅन्थिन साठवून लालभडक होते. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात कधी कधी तांबूस थर दिसतो तो याचाच. उत्पादक कारखान्यात हेच नाट्य घडवून आणतात. आधी शेवाळ भरपूर वाढवायचे, मग त्याची उपासमार करून त्यावर प्रखर प्रकाश सोडायचा आणि लाल झालेल्या पेशी फोडून रंगद्रव्य काढून घ्यायचे.

सहा हजाराचा उगम

‘सहा हजार पट’ हा आकडा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनातून आला. त्या संशोधकांनी ‘सिंगलेट ऑक्सिजन’ हे ऑक्सिजनचे एक विशिष्ट, अतिक्रियाशील रूप निरनिराळे पदार्थ किती वेगाने शांत करतात, हे प्रयोगशाळेत द्रावणात मोजले. त्या शर्यतीत ॲस्टाझॅन्थिन फारच पुढे निघाले. परंतु क जीवनसत्त्व हे या शर्यतीचे घोडेच नव्हे. ते पाण्यात विरघळते, निराळ्या प्रकारच्या मुक्त कणांना आवरते, खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामाला लावते आणि कोलॅजनच्या निर्मितीसाठी तर ते अत्यावश्यक असते. पोहण्याच्या शर्यतीत मासा सशाच्या सहा हजार पट पुढे गेला, एवढ्यावरून मासा अधिक चपळ प्राणी ठरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

परीक्षानळीतील अशा आकड्यांचा व्यापारी गैरवापर नवा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे तक्ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. ते २०१२ मध्ये काढून टाकण्यात आले. प्रयोगशाळेतील या मोजमापावरून मानवी शरीरातील परिणामाचा अंदाज बांधता येत नाही आणि कंपन्या जाहिरातींसाठी हे आकडे वापरत आहेत, असे कारण तेव्हा देण्यात आले होते.

चेहऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक अडथळा आहे, तो म्हणजे स्वतः त्वचाच. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. पण बाहेरच्या वस्तू आत येऊ न देणे हेच त्याचे काम आहे. किती मोठा रेणू हा थर ओलांडू शकतो, याचा एक ढोबळ नियम दोन डच संशोधकांनी २००० साली मांडला. रेणूचे वजन सुमारे ५०० डाल्टनच्या वर गेले, की निरोगी त्वचेतून त्याचे आत जाणे फार अवघड होते. आता आपल्या मंडळींची वजने पाहा. क जीवनसत्त्व १७६ डाल्टन, म्हणजे सहज बसणारे. ॲस्टाझॅन्थिन ५९७, फ्युकोझॅन्थिन ६५९. दोघेही उंबरठ्याच्या जरा बाहेर. फायकोसायनिन हे प्रथिन असून त्याचे वजन हजारो डाल्टनमध्ये मोजावे लागते. समुद्रशैवालातील फ्युकॉयडानसारख्या बहुशर्करांचीही तीच गत. हा नियम काही दगडावरची रेघ नव्हे. तैलद्रव्याचे सूक्ष्म थेंब, मेदाच्या पुटकुळ्यांत बंद केलेले रेणू अशा युक्त्यांनी थोडे अधिक द्रव्य आत नेता येते आणि ॲस्टाझॅन्थिन तेलात विरघळणारे असल्याने त्याला त्याचा लाभही होतो. परंतु ‘फायकोसायनिन त्वचेच्या खोल थरांत पोहोचते’ असे कोणी सांगितले, तर पुरावा मागावा. मोठे रेणू वरच्या थरावर पाणी धरून ठेवतात, त्वचा मऊ भासते, आणि हा परिणामही खराच असतो. फक्त तो अँटिऑक्सिडंटचा नव्हे, ओलाव्याचा असतो. तो साध्या ग्लिसरिननेही मिळतो आणि ग्लिसरिन फारच स्वस्त असते.

मग माणसांवरचे प्रयोग काय सांगतात? ॲस्टाझॅन्थिनच्या संदर्भात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासाचा हवाला वारंवार दिला जातो. त्यात तीस महिलांनी आठ आठवडे रोज सहा मिलिग्रॅम ॲस्टाझॅन्थिन पोटात घेतले आणि त्याचे द्रावण चेहऱ्यावरही लावले. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, डागांचा आकार, त्वचेची लवचिकता यांत सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय गोळी आणि लेप दोन्ही एकाच वेळी चालू होते, त्यामुळे गुण कशाचा हे सांगता येत नाही. त्याच लेखातील छत्तीस पुरुषांवरचा दुसरा प्रयोग अधिक काटेकोर होता. त्यात एका गटाला खोटी गोळी दिली होती आणि कोणाला काय दिले हे कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र त्यात केवळ गोळीचीच परीक्षा झाली, क्रीमची नव्हे. संशोधकही ॲस्टाझॅन्थिन बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित होते. एवढ्यामुळे निष्कर्ष आपोआप चुकीचे ठरत नाहीत. पण तीस-छत्तीस जणांवरच्या सहा-आठ आठवड्यांच्या प्रयोगावर हजारो रुपयांची बाटली घ्यावी काय, हा विचार ग्राहकाने करायचा आहे.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण पाहू. क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात फेरुलिक आम्ल मिसळले, की ते द्रावण अधिक टिकाऊ होते आणि किरणांपासून मिळणारे संरक्षण जवळपास दुप्पट होते, असे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. तो प्रयोग डुकराच्या त्वचेवर होता, तरी निदान त्वचेवर होता. शेवाळातील बहुतेक द्रव्यांच्या पाठीशी या तोडीचा पुरावा अद्याप उभा राहिलेला नाही.

आपल्याच किनाऱ्यावरचे एक द्रव्य

या सर्व गर्दीत एक गट मात्र लक्ष वेधून घेतो. मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले असे त्यांचे अवघड नाव आहे. तांबड्या समुद्रशैवालात ती आढळतात आणि अतिनील किरण स्वतःच शोषून घेतात. त्यांपैकी पोर्फायरा-३३४ हे द्रव्य ३३४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सर्वाधिक शोषते. म्हणून तर त्याच्या नावात तो आकडा. सुरकुत्यांना कारण होणाऱ्या अतिनील-अ किरणांच्या पट्ट्यातच ही लांबी येते. पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस ही शेवाळाची जात कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळ्यात उगवते. तिच्यातील पोर्फायरा-३३४चे सूर्यरक्षक गुण भारतीय संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत तपासून दाखवले होते. या द्रव्याचा रेणू लहान, सुमारे ३४६ डाल्टनचा आहे. पण ते पाण्यात विरघळणारे असल्याने त्वचेच्या तेलकट थरात फारसे घुसत नाही. सनस्क्रीनच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे. छत्री डोक्यावर असावी लागते, पोटात नव्हे.

तरीही युरोपीय संघाच्या किंवा अमेरिकेच्या मान्यताप्राप्त सूर्यरक्षक घटकांच्या यादीत ही द्रव्ये नाहीत. त्यामुळे ‘शैवालयुक्त’ क्रीम म्हणजे सनस्क्रीन, अशी समजूत करून घेणे सर्वांत महागात पडू शकते. या विषयात खरा धोका असेल तर तो येथे आहे. शेवाळाचे सीरम लावले म्हणून सनस्क्रीन, टोपी आणि छत्री सोडून दिली, तर त्वचेचे नुकसान अटळ आहे. अँटिऑक्सिडंट हे आत शिरलेल्या किरणांचे उपद्रव थोडे कमी करते. किरण अडवण्याचे काम सनस्क्रीनचे. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

शेवाळाच्या नावावर कल्पनेचे केवढे इमले उभे राहतात, याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये स्थापन झालेली सोलाझाइम ही कंपनी शेवाळापासून इंधन काढण्याच्या ध्येयाने निघाली होती. २०११ मध्ये तिने ‘अल्जेनिस्ट’ नावाची प्रसाधने बाजारात आणली आणि त्यांतील ‘अल्गुरॉनिक ॲसिड’चा गवगवा केला. ऐकायला हे एखाद्या ठरावीक रसायनाचे नाव वाटते. वस्तुतः ते सूक्ष्म शेवाळापासून मिळणाऱ्या बहुशर्करांच्या मिश्रणाला दिलेले व्यापारी नाव आहे. पुढे कंपनीने २०१६ मध्ये नाव बदलून टेराव्हिया केले, प्रसाधनांचा व्यवसाय विकला आणि २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दुसरे उदाहरण ‘ला मेर’ या अतिमहाग क्रीमचे. मॅक्स ह्यूबर नावाच्या अवकाश-भौतिकीतज्ज्ञाने प्रयोगशाळेतील अपघातात भाजल्यावर बारा वर्षे, सहा हजार प्रयोग करून राक्षसी समुद्रशैवाल आंबवण्याची कृती शोधली, ही त्याची आख्यायिका कंपनीच सांगत आली आहे. या क्षेत्राला सहा हजार या आकड्याचे काय वेड आहे कोण जाणे.

घातक आहे काय?

सामान्य ग्राहकाचा पहिला प्रश्न हाच असतो. शेवाळातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये क्रीममधून चेहऱ्यावर लावल्याने गंभीर अपाय होतो, असे दाखवणारा पुरावा नाही. काळजीचे मुद्दे आहेत ते द्रव्यापेक्षा त्याच्या सोबत येणाऱ्या गोष्टींचे.

तपकिरी समुद्रशैवालाच्या पेशीभित्तिकेतील अल्जिनेट धातूंना घट्ट पकडून ठेवते. म्हणूनच दूषित पाण्यातून जड धातू काढण्यासाठी समुद्रशैवालाचा उपयोग करून पाहिला जातो. पण हाच गुण प्रसाधनात अडचणीचा ठरतो. ज्या पाण्यात शैवाल वाढले त्यात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक असेल, तर अर्कातही ते उतरू शकते. हिजिकी या जपानी समुद्रशैवालात विषारी स्वरूपातील आर्सेनिक अधिक सापडल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नये, असा सल्ला दिला होता. त्वचेवाटे शरीरात जाणारे प्रमाण खाण्याच्या तुलनेत अगदी अल्प असते, हे खरे. तरीही अर्काची धातूंसाठी तपासणी झाली पाहिजे. अमेरिकेतील प्रसाधन घटकांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ समितीनेही तपकिरी शैवालापासूनच्या अनेक घटकांबाबत निर्णय देण्याइतकी माहिती उपलब्ध नसल्याचे नोंदवले आणि जड धातू व अन्य अशुद्धी कमीत कमी राहतील याची दक्षता उत्पादकांनी घ्यावी, असे सांगितले. बंद काचनळ्यांत, नियंत्रित पाण्यात वाढवलेले सूक्ष्म शेवाळ या बाबतीत उघड्या समुद्रातून गोळा केलेल्या शैवालापेक्षा अधिक खात्रीचे असते.

दुसरा मुद्दा परिरक्षकांचा. शेवाळाचा पाणीदार अर्क म्हणजे जिवाणूंना मेजवानी. तो टिकवायचा तर परिरक्षक घालावेच लागतात. चेहऱ्यावर पुरळ उठली, खाज सुटली, तर दोष शेवाळाचा न ठरता परिरक्षकाचा किंवा सुगंधी द्रव्याचा असण्याचा संभव पुष्कळ असतो. मिथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाने ॲलर्जीचा असा कहर केला, की युरोपीय संघाने २०१७ पासून धुवून न टाकण्याच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ‘नैसर्गिक’ या शब्दाने या घटकांपासून संरक्षण मिळत नाही.

मुरुमांचेही कोडे असेच. शेवाळाने मुरुमे येतात, असे सांगणाऱ्या याद्या हातोहात फिरत असतात. त्यांतील बरेचसे गुणांकन काही दशकांपूर्वी सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांचे आहे. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर रुसतो. म्हणून त्या याद्यांवर विसंबून भिण्याचे कारण नाही. मात्र तेलकट, मुरुमप्रवण त्वचेच्या व्यक्तीने तेलात विरघळवलेले जाड सीरम टाळणे शहाणपणाचे.

गोळ्यांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे त्वचेचा पहारेकरी नसतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रौढांसाठी पूरक आहारातून दिवसाला आठ मिलिग्रॅमपर्यंत ॲस्टाझॅन्थिन सुरक्षित मानले. मुलांना ही मात्रा लागू नाही. केल्प या समुद्रशैवालाच्या गोळ्यांतील आयोडिनचे प्रमाण बेभरवशाचे असते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते. ते वारंवार फार अधिक झाले, तर थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडू शकते. थायरॉइडचे औषध चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, या समजुतीला तर फिनलंडमधील प्रयोगाने १९९४ मध्येच तडा गेला. तेथे २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज वीस मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. तो निष्कर्ष क्रीमला लागू होत नाही. पण सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीने ‘त्वचेच्या तेजासाठी’ बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत, हे त्यावरून निश्चित सांगता येते.

वेष्टनावर काय असते, काय नसते

आपल्याकडे प्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतात. उत्पादनाचा परवाना राज्य पातळीवर मिळतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. आयात मालाची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे होते. प्रसाधन विकण्यापूर्वी ते सुरक्षित असले पाहिजे, पण औषधाप्रमाणे त्याची परिणामकारकता आधी सिद्ध करून दाखवावी लागत नाही. दिशाभूल करणारा दावा करण्यास नियमांत मनाई आहे; दावा तपासायची पाळी मात्र बहुधा तक्रार आल्यानंतरच येते.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा आहे. शेवाळाचा अर्क परिरक्षकाच्या आधी छापलेला दिसला, तरी तो प्रत्यक्षात नाममात्र असू शकतो तो यामुळे. त्याहून मौजेची सवलत म्हणजे ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट प्रसाधनाच्या वेष्टनावर ही यादी छापण्याची सक्तीच नाही. महागडी सीरम साधारणतः ३० मिलिलिटरच्या बाटलीत येतात. अनेक उत्पादक स्वतःहून यादी छापतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. जो छापत नाही, त्याची बाटली फळीवर परत ठेवावी.

विकत घ्यायचेच ठरले असेल, तर बाटली गडद रंगाची आणि हवा आत न जाणारी, पंपाची असावी. ॲस्टाझॅन्थिन व फ्युकोझॅन्थिन प्रकाश, हवा आणि उष्णता यांनी झपाट्याने नष्ट होतात. फायकोसायनिन तर त्यांच्याहून नाजूक. पारदर्शक बरणीत, दुकानाच्या काचेमागे उन्हात मांडलेले, मे महिन्यातल्या मुंबईत घरपोच आलेले ‘शैवालयुक्त’ क्रीम हातात येईपर्यंत त्यातील अँटिऑक्सिडंट किती शिल्लक असेल, हे सांगणे कठीण. नारिंगी सीरम फिकट पडू लागले असेल, तर ते द्रव्य संपत चालल्याची ती खूण समजावी. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी ॲस्टाझॅन्थिन शेवाळाचे आहे की क्रिलसारख्या कवचधारी जिवाचे, हे विचारून घ्यावे.

चेहऱ्याला लावण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूस, कोपराच्या खाली, रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावे. लाली, खाज, सूज काहीच दिसले नाही तरच पुढे जावे. सकाळी आधी सीरम, ते मुरले की त्यावर सनस्क्रीन, असा क्रम ठेवावा. त्रास झालाच तर चेहरा साध्या पाण्याने धुऊन वापर थांबवावा आणि बाटली फेकून न देता जपून ठेवावी. तिच्यावरील तुकडी क्रमांक आणि खरेदीची पावती असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला कारण शोधता येते आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवताना तोच पुरावा लागतो.